दाढेचे डोहाळे

दात तोंडात असेपर्यंत त्याला घरात कुणी विचारत नाही. सकाळी कुकरच्या शिट्ट्या मोजत ब्रश फिरवला की झाली त्याची सेवा. मग दिवसभर तो सुपारी फोडतो, दोऱ्याची गाठ सोडवतो, दुधाची पिशवी उघडतो, आणि अंबाडा घालताना दोन्ही हात अडकलेले असले की आकडाही त्यानेच फाकवायचा. या कामांबद्दल त्याचं कुणी कधी कौतुक केल्याचं माझ्या ऐकिवात नाही.

माझी खालची डावी दाढ ही असलीच राबणारी होती. ही दाढ माणसाला सहाव्या वर्षी येते. दुधाच्या दातांच्या मागे गुपचूप उगवते, कुणाला पाडून येत नाही. त्यामुळे आईबापांना ती दुधाचीच वाटते, आणि तिच्याकडे काणाडोळा करण्याचा जो पायंडा तेव्हा पडतो तो शेवटपर्यंत टिकतो. माझीला आधी कीड लागली, मग चांदी भरली, मग रूट कॅनॉल झालं, वर कॅप बसली, आणि एका दिवाळीत शेजारच्या कुलकर्णी वहिनींचं कडबोळं चावताना ती उभी चिरली. कडबोळं खुसखुशीतच होतं, असं वहिनी आजही सांगतात. मीही वाद घालत नाही. नाशकात चांगला शेजार मिळणं कठीण.

उभी चिरलेली दाढ वाचत नाही, काढावीच लागते. तशी काढली. डॉक्टरीणबाई माझ्या मुलीच्या वयाच्या. त्यांनी समोर तीन पर्याय ठेवले. पहिला, काढता-घालता येणारा दात. दुसरा ब्रिज, म्हणजे दोन्ही बाजूंच्या दातांना घासून बारीक करायचं आणि त्यांच्या आधाराने मधला दात टांगायचा. एकीच्या जाण्याची शिक्षा दोन धडधाकट शेजारणींना. तिसरा इम्प्लांट: जबड्याच्या हाडात टायटॅनियमचा स्क्रू, त्यावर जोड आणि त्यावर दाढ. खर्च पंचवीस-तीस हजारांपासून पुढे, कंपनी बघून.

घरी येऊन आकडा सांगितला. सासूबाई शहाऐंशीच्या, तोंडात एकही दात नाही. कवळी आहे, ती लग्नकार्याला वापरतात. एरवी दाणे, पान, चिवडा सगळं लोखंडी खलबत्त्यात कुटून खातात आणि आमच्याआधी हात धुऊन मोकळ्या होतात. त्यांनी आकडा दोनदा विचारून घेतला.

“एका दाढेचे एवढे? मग माझे बत्तीस गेले, तेव्हा मी किती लाखांची होते गं?”

घरात कुणालाच हिशेब करायचं धाडस झालं नाही.

स्क्रू बसवायच्या आधी मी थोडं वाचून घेतलं. ही विद्या निघाली सशापासून. 1952 साली स्वीडनमध्ये पेर-इंगवार ब्रोनेमार्क नावाचे संशोधक हाडातला रक्तप्रवाह बघायला सशाच्या पायात टायटॅनियमची छोटी नळी बसवत होते. काम झालं, नळी काढायला गेले, तर ती निघेना. हाडाने तिला आपलीच मानून धरून ठेवलं होतं. दुसरा कुणी असता तर महागाची नळी गेली म्हणून कपाळावर हात मारला असता. यांनी विचार केला, हे माणसाच्या जबड्यात करता येईल. 1965 मध्ये गोस्टा लार्सन या माणसाच्या खालच्या जबड्यात असे स्क्रू बसवले, आणि 2006 मध्ये तो वारला तोवर ते टिकून होते. मला मात्र राहून राहून त्या सशाचं वाटतं. सशाचे दात जन्मभर वाढत राहतात. ज्याला दाताची ददात कधीच नाही, त्याच्याकडून आपण दाताचा शोध लावून घेतला. योगायोग असा की त्याच 1952 साली इकडे मुंबईत परळला केशव पेंढरकर विको कंपनीची सुरुवात करत होते आणि तिथूनच घरोघरी वज्रदंती पोचणार होती. एकजण असलेले दात टिकवायला निघाला, दुसरा नसलेले बसवायला. आमच्या घराने दोघांनाही व्यवसाय दिला.

प्रत्यक्ष शस्त्रक्रियेबद्दल सांगण्यासारखं फार नाही. भूल दिल्यावर दुखत नाही, फक्त ऐकू येतं. हाडाला भोक पाडताना ड्रिल सावकाश चालवतात आणि वरून सलाइनचं थंड पाणी सोडत राहतात, कारण हाड 47 अंशांच्या वर मिनिटभर तापलं तर तिथल्या पेशी मरतात आणि मग ते स्क्रूला धरत नाही. (चंद्रपूरकरांनी मे महिन्यात घाबरून जाऊ नये; हे हाडाच्या आतलं तापमान आहे.) डॉक्टरीणबाई मधूनमधून “काकू, ठीक ना?” असं विचारत होत्या. तोंडात दोन हात, एक नळी आणि कापूस असताना माणूस जे बोलतो, त्या सगळ्याचा अर्थ दंतवैद्य ‘ठीक’ असाच घेतात.

खरी गंमत घरी आल्यावर. निघताना हातात एक कागद देतात. पहिले चोवीस तास चूळ भरायची नाही, थुंकायचं नाही, स्ट्रॉने काही प्यायचं नाही. कारण जखमेत रक्ताची जी गुठळी धरते तिच्यावर पुढचं सगळं भरून येणं अवलंबून. तोंडात ओढ बसली की ती निघून येते. थुंकू नये ही सूचना आपल्याकडे जिन्याच्या भिंतीवर असते. कागदावर टाइप करून हातात दिलेली मी पहिल्यांदा पाहिली, आणि पाळली गेलेलीही पहिल्यांदाच. पुढची ओळ: विडी, सिगारेट, तंबाखू, मिशरी, गुटखा पूर्ण बंद, त्याने रक्तपुरवठा कमी होतो, हाड धरत नाही. गुटख्यावर महाराष्ट्रात 2012 पासून बंदी आहे, पण कागद छापणाऱ्याला आपला महाराष्ट्र ठाऊक असावा. आमचे हे तो कागद मोठ्याने वाचत होते. मिशरीवर आले तेव्हा सासूबाईंनी उशीजवळची डबी हळूच पदराखाली घेतली. “तिला सांगितलंय, मला नाही,” त्या म्हणाल्या.

गालाला बर्फ लावायचा होता, दहा-पंधरा मिनिटं लावायचा, तेवढाच वेळ काढायचा. बर्फ नव्हता. जानेवारी असल्यामुळे फ्रीजरमध्ये सोललेल्या मटारच्या पिशव्या मात्र होत्या. दोन दिवस एक पिशवी माझ्या गालावर आणि दुसरी थंड व्हायला, अशी त्यांची पाळी चालली. त्या मटारची पुढे उसळ झाली की पुलाव, हे मी विचारलं नाही.

गरम काही नाही म्हणजे चहा कोमट. कोमट चहा हे काय पेय आहे? त्यापेक्षा नुसतं पाणी बरं, ते निदान आव आणत नाही. दुखण्याबद्दल माझी तक्रार नव्हती, गोळ्यांनी ते आटोक्यात होतं. सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत जास्त असते आणि मग उतरते, हेही कागदावर होतं. चहाबद्दल कागदात सांत्वनाचा एक शब्द नव्हता.

आता स्वयंपाक. लग्नानंतर एवढ्या वर्षांत ह्यांचा आणि कुकरचा संबंध शिट्ट्या मोजण्यापुरता. “गुरगुट्या भात मी करतो,” म्हणाले. पाणी किती, असं दारातून विचारलं. मला बोलायचं नव्हतं, मी चार बोटं दाखवली. वाटीभर तांदळाला चार वाट्या पाणी, असं मला म्हणायचं होतं. ह्यांनी साध्या भाताला घालतात तसं दुप्पट पाणी घातलं आणि चार शिट्ट्या काढल्या. भात असा मोकळा झाला, शीत अन् शीत वेगळं, की एखाद्या मुंजीच्या पंगतीत वाहवा झाली असती. माझ्यासमोर ताट ठेवून उभे राहिले. मी ताटाकडे पाहिलं, त्यांनी माझ्याकडे पाहिलं. शेवटी सासूबाईंनी निमूटपणे आपला खलबत्ता पुढे सरकवला. त्या रात्री मी खलबत्त्यात कुटलेला मेतकूट-भात गार ताकात कालवून जेवले. दुसऱ्या दिवसापासून ह्यांचा हात बसला. पेज, रव्याची खीर, शिकरण, मुगाचं गार कढण असा तो माणूस चढत गेला, आणि टाके निघेपर्यंत कढणाला जिऱ्याची पूड किती असावी यावर मला सुनावू लागला.

या सगळ्यात संक्रांत आली. इम्प्लांटसाठी याहून वाईट मुहूर्त पंचांगात शोधून सापडणार नाही. ताज्या टाक्यांना दोन गोष्टी चालत नाहीत, कडक पदार्थ आणि बारीक बिया. तिळाच्या वडीत दोन्ही एका घासात मिळतात. वर ‘गोड बोला’ म्हणायचं, आणि तोंड उघडत नाही. पण हळदीकुंकू चुकवता येत नाही. आमच्या गल्लीतल्या बायका आल्या, वाण घेतलं, आणि माझ्या गालाकडे बघून गोल करून बसल्या.

“काय काय चालत नाही गं?”

मी कागद दाखवला.

“मग काय खावंसं वाटतं?”

मला झणझणीत मिसळ खावीशी वाटत होती. बरोबर पापड, तोही भाजलेला. हे बोलून दाखवताच कुलकर्णी वहिनींनी माझा हात हातात घेतला, आणि तिथून त्या दाढेला दिवस गेले. पुढचे कित्येक महिने माझी विचारपूस याच सुरात झाली. जड उचलू नकोस. दगदग करू नकोस. भाजीवाल्याच्या गाडीजवळ “कितवा?” आणि मी “तिसरा लागला.” “वाढ बरोबर आहे ना?” “परवाच फोटो काढला, म्हणतात छान धरलंय.” मागून येणारा एक परका गृहस्थ माझ्या पांढऱ्या केसांकडे आणि मग पोटाकडे बघून भाजी न घेताच गेला.

डोहाळे म्हटले की सल्ले आलेच. लवंग धर. तुरटीच्या पाण्याने गुळण्या कर. हळद भर. एका मावशींनी तर बाभळीची काडी कागदात गुंडाळून आणली. डॉक्टरीणबाईंना फोन करून विचारलं, तर त्या म्हणाल्या, “काकू, जखमेत काहीही भरू नका. चोवीस तासांनंतर कोमट मिठाच्या पाण्याने हलकी चूळ, आणि मी दिलेला माउथवॉश. बस.” काडी मी देवघराच्या खणात ठेवली, मावशी विचारतात तेव्हा ती घरात आहे असं खरं सांगता येतं.

माउथवॉशचं मात्र स्वतंत्र प्रकरण आहे. क्लोरहेक्सिडीन. टूथपेस्टशी त्याचं पटत नाही, म्हणून ब्रश आणि तो यांच्यात अर्धा तास सोडायचा. चहाशी तर उघड वैर. दोघे एका तोंडात नांदले की दातांवर तपकिरी डाग पडतात. शिवाय तो जिभेची चव पळवतो, मीठ कळेनासं होतं. त्या आठवड्यात मी ह्यांच्या प्रत्येक पदार्थाला “मीठ कमी” म्हणत होते, हे प्रत्येकात वाढवत होते, आणि सासूबाई प्रत्येक घासाला पाण्याचा घोट घेत होत्या.

मग वाट बघणं. खालच्या जबड्याचं हाड घट्ट असतं, तिथे तीनेक महिने पुरतात. वरचं विरळ, त्याला सहा महिनेही लागतात. या काळात बाहेरून काहीच घडत नाही. हिरडीतून एक चंदेरी बटण डोकावत राहतं आणि आत हाडाच्या पेशी स्क्रूच्या आट्यांत शिरून घर करत असतात. त्यांना एकच हवं असतं, कुणी हलवू नये. आणि आपल्याकडे न हलवता कोणती गोष्ट घट्ट आहे यावर कुणाचा विश्वास बसतो? धाकटे भाऊजी आले की पहिला प्रश्न, “वहिनी, हलवून बघितलंत का?” भाऊजींचा हात पुढे आला की मी तोंड मिटायचे. दुसरा प्रश्न, “विमानतळावर वाजणार का?” सहसा नाही वाजत. तिसरा, “वीज पडली तर?” त्यावर सासूबाईंनी परस्पर उत्तर दिलं, “तोंड बंद ठेवावं.”

दाढेचा रंग ठरवायला गेलो तो दिवस चैत्रातला. डॉक्टरीणबाईंनी एक पट्टी काढली, सोळा नमुन्यांची. प्रत्येकाला अक्षर आणि आकडा. हे बरोबर होते आणि त्यांनी लगेच पहिल्या, सर्वांत पांढऱ्या दातावर बोट ठेवलं. पैसे भरतोय तर पांढरा स्वच्छ घेऊ, हा त्यांचा मुद्दा. डॉक्टरीणबाईंनी मला खिडकीशी उजेडात नेलं, पट्टीतला एकेक नमुना माझ्या खऱ्या दातांशेजारी धरला आणि थांबत थांबत उजवीकडे सरकत गेल्या. पांढरा गेला, दुधी गेला, सायीचा गेला. प्रत्येक नमुन्याला ह्यांचा चेहरा उतरत होता. जिथे थांबल्या तो रंग साधारण मुरलेल्या चहाचा होता. “हा एकदम मॅच होतो,” त्या आनंदाने म्हणाल्या. अशा रीतीने आम्ही खास प्रयोगशाळेतून पिवळी दाढ करवून घेतली. ती बसवताना स्क्रू एका छोट्या पान्याने पिळतात. ठरलेला जोर, बहुतेक पस्तीस न्यूटन सेंटिमीटर, झाला की पाना आपणहून ‘कट’ असा सुटतो. आमच्या प्लंबरकडे असा पाना असता तर मोरीतला नळ अजून शाबूत असता.

दाढ आली आणि आंबे आले. तीन-चार महिने जिची वाट पाहिली ती हजर झाली तेव्हा घरात आमरस होता. रसाला दात लागत नाही. पुरणपोळीलाही नाही, ती चांगली झाली असेल तर. तरी ह्यांनी मुद्दाम शेंगदाणे भाजले आणि मी पहिला दाणा त्या बाजूने चावला तेव्हा तिघंही कान देऊन बसले होते. आवाज झाला. चव जिभेला लागली. दाढेला मात्र काही कळलं नाही. खऱ्या दाताच्या मुळाभोवती बारीक तंतूंची गादी असते. दाणा मऊ की खडा हे तीच कळवते. टायटॅनियम थेट हाडात बसतं, मध्ये गादी नाही, त्यामुळे ती दाढ दाण्याला आणि खड्याला सारख्याच अलिप्तपणे चावते. रात्री दात खाण्याची सवय असेल तर म्हणून जपावं लागतं, वेळ पडल्यास झोपताना गार्ड घालावा लागतो. ह्यांच्या घोरण्यावर मी जागेपणी दात-ओठ खाते. त्यावर गार्ड नाही.

आता आमच्या बेसिनवर काय काय आहे ते सांगते. मऊ ब्रश. दाताच्या फटीत घालायचे तारेचे इवलेसे ब्रश, रंगांप्रमाणे मापं. एका टोकाला कडक आणि मध्ये फुगीर असा खास फ्लॉस. तो आरशासमोर हिरडीलगत एका बाजूने ओवायचा, दाढेला मागून वळसा घालून दुसऱ्या बाजूने काढायचा आणि दोन्ही टोकं धरून हलके ओढायचा. सुईत दोरा ओवायला चष्मा लागतो त्या वयात हे करायचं आहे, आणि तेही उलट्या प्रतिमेत. शिवाय मुलाने ऑनलाइन पाठवलेलं पाण्याच्या फवाऱ्याचं यंत्र. ह्यांनी ते ‘नीट चालतं का’ बघायला तोंडाबाहेर सुरू केलं. आरसा, भिंत, कॅलेंडरवरचे गणपती, सगळ्यांची हिरडी स्वच्छ झाली.

एवढं कशासाठी, तर या दाढेला कीड लागत नाही. सासूबाईंना हे अजून पटलेलं नाही. जिला कीड लागते तिला एक ब्रश, आणि जिला लागूच शकत नाही तिला पाच उपकरणं? पण त्यात तथ्य आहे. धातू किडत नाही, भोवतालची हिरडी सुजते. वेळीच साफ केलं तर बरी होते. नाही केलं तर सूज हाडात उतरते, हाड झिजतं आणि स्क्रू उघडा पडतो. आणि हे बहुतेक वेळा न दुखता होतं. जिला नस नाही ती बोंब कशी मारणार? आपणच घासताना रक्त आलं, तर समजायचं. म्हणून सहा महिन्यांनी तपासणी. तिथे साध्या लोखंडी हत्यारांनी तिला खरवडत नाहीत, ओरखडे पडून घाण साचू नये म्हणून प्लास्टिकची नाहीतर टायटॅनियमचीच वापरतात. माझ्या खऱ्या दातांना इतक्या नाजूकपणे कुणी हात लावल्याचं मला आठवत नाही.

आमच्या मावशींची शंका मात्र अगदी वेगळी निघाली. त्या एकदा दुपारी आल्या आणि चहा होईपर्यंत गप्प बसल्या. मग म्हणाल्या, “एक विचारू? राग मानू नकोस. शेवटी हिचं काय होतं?”

“कुणाचं?”

“दाढेचं. जळते का?”

ह्यांनी लगेच फोनमध्ये पाहिलं. टायटॅनियम वितळतं 1668 अंशांना. चितेची आच तिथवर जात नाही. म्हणजे अस्थी गोळा करायला जे जातील, त्यांना राखेत स्क्रू सापडणार. घरात यावर सविस्तर चर्चा झाली. भाऊजींचं मत पडलं की तोही रामकुंडात सोडावा, शेवटी तो देहाचाच भाग. मुलाने फोनवरून सांगितलं, परदेशात दहनभूमीतले असे धातूचे तुकडे गोळा करून वितळवतात आणि ते मोटारींच्या, विमानांच्या कारखान्यांना जातात.

मावशींनी बशीतला चहा फुंकला. “म्हणजे ही राहील गोदावरीत,” त्या माझ्याकडे बोट दाखवून म्हणाल्या, “आणि दाढ जाईल अमेरिकेला.”

“जाऊ दे की,” सासूबाई खलबत्त्यातून मान वर न करता म्हणाल्या, “व्हिसा कुणाच्या नावावर लागेल तेवढं विचारून ठेवा.”